जनुकाबाहेरचं एक अक्षर : प्रकल्प नोंदी, कोल्हापूर

७ जुलै २०२५

विषय ठरला. मानवी डीएनएमधल्या नॉन-कोडिंग भागांवर, म्हणजे ज्यांच्यातून प्रथिन तयार होत नाही अशा भागांवर काम करायचं, हे बी.एस्सी.पासून मनात होतं. मॅडमनी पहिल्याच बैठकीत विषयाला कात्री लावली. "अख्ख्या नॉन-कोडिंग डीएनएचं कार्य हा एका सत्राचा प्रकल्प होत नाही. एक ठिकाण धर आणि त्याची कसून चौकशी कर." आणखी एक अट घातली: कुणाच्याही रक्ताचे किंवा लाळेचे नमुने घ्यायचे नाहीत, सगळं काम खुल्या डेटावर. नैतिक समितीची परवानगी नसताना घरच्यांचीसुद्धा लाळ घ्यायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

मी दूध धरलं. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर म्हशीची धार काढून तो पेला तिथेच हातात देणारं हे शहर. इथल्या तालमींत खुराकाचा हिशेब लिटरमध्ये होतो. प्रश्न असा मांडला आहे: दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणारं लॅक्टेज हे विकर सस्तन प्राण्यांच्या पिल्लांत भरपूर असतं आणि दूध सुटलं की कमी होत जातं. जगातल्या साधारण दोन-तृतीयांश माणसांतही तसंच होतं. उरलेल्यांत ते आयुष्यभर टिकतं. हा फरक लॅक्टेज प्रथिनाच्या रचनेतून आलेला नाही, विकर दोघांचं सारखंच. मग फरक लिहिलाय कुठे?

१२ जुलै

जीनोम ब्राउझरमध्ये दुसऱ्या गुणसूत्राची लांब भुजा उघडली. लॅक्टेजचं जनुक एलसीटी, लांबी सुमारे ४९ हजार अक्षरं (अक्षर म्हणजे डीएनएच्या ए, सी, जी, टी या चार घटकांपैकी एक), १७ एक्झॉन, म्हणजे जनुकाच्या प्रतीत शेवटी ठेवले जाणारे तुकडे. प्रथिन १,९२७ अमिनो आम्लांचं. एका अमिनो आम्लाला तीन अक्षरं, म्हणजे ५,७८१, आणि थांबण्याच्या खुणेची तीन धरून ५,७८४. जनुकाच्या लांबीच्या मानाने हे बारा टक्क्यांच्या आसपास. बाकी जवळजवळ सगळे इंट्रॉन, म्हणजे प्रतीतून कापून टाकले जाणारे मधले तुकडे.

हे आकडे वहीत स्वतः मांडले तेव्हा विषय अंगावर आला. जनुकाच्या पोटातसुद्धा बहुतेक मजकूर प्रथिनाचा नसतो. १९७७ पर्यंत हे कुणालाच माहीत नव्हतं. जीवाणूंमध्ये जनुक सलग दिसतं, म्हणून सगळीकडे तसंच असणार असं धरलेलं होतं. रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांनी एडेनोव्हायरसवर काम करताना तुटक जनुकं दाखवली. त्याचं नोबेल १९९३ साली मिळालं.

संपूर्ण जीनोमचा, म्हणजे माणसाच्या सगळ्या डीएनएचा, हिशेबही लिहून ठेवते. तीनशे कोटींहून थोडी जास्त अक्षरं. प्रथिनांचे संकेत दीड टक्क्याच्या आसपास. जनुकं वीस हजारांच्या घरात. निम्म्याच्या जवळ जाणारा भाग, सुमारे ४५ टक्के, हा जागा बदलणाऱ्या घटकांच्या अवशेषांचा. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांच्या रंगांवरून ज्यांचा माग काढला त्याच जातीचे हे घटक. त्यातला एकटा अलू घ्या: जेमतेम ३०० अक्षरांचा तुकडा, दहा लाखांहून जास्त प्रती, जीनोमचा दहावा हिस्सा.

१७ जुलै

अक्षर सापडलं. म्हणजे फिनलंडमधल्या कुटुंबांवर काम करणाऱ्या गटाने ते २००२ साली शोधलं, आज मी ते पडद्यावर पाहिलं. दुसरं गुणसूत्र, मानवी जीनोमच्या जीआरसीएच३८ या संदर्भ-आवृत्तीत स्थान १३,५८,५१,०७६. डेटाबेसमधला क्रमांक आरएस४९८८२३५.

ते एलसीटीमध्ये नाहीच. एलसीटी जिथून सुरू होतं त्याच्या १३,९१० अक्षरं आधी, शेजारच्या एमसीएम६ जनुकाच्या तेराव्या इंट्रॉनमध्ये आहे. एमसीएम६चं काम वेगळंच: पेशी विभागताना डीएनएची प्रत निघते तेव्हा दोन धागे सोडवणाऱ्या यंत्रणेतला तो एक भाग. दुधाशी त्याचा काही संबंध नाही. त्याच्या पोटात लॅक्टेजचं नियंत्रण करणारा तुकडा, म्हणजे एन्हान्सर, फक्त राहायला आहे. तिथे मूळचं सी असेल तर वयाबरोबर लॅक्टेज उतरतं. टी असेल तर टिकतं. दोन गुणसूत्रांपैकी एकावर टी असला तरी पुरतो.

पुढच्या वर्षी हे काम उचलणाऱ्यांसाठी: एलसीटी उलट्या धाग्यावर वाचलं जातं. शोधनिबंधांत सी/टी लिहिलेलं असतं ते डेटाबेसमध्ये जी/ए असं दिसतं. टीचं प्रमाण काढण्यापूर्वी धागा तपासायचा.

२९ जुलै, नागपंचमी

सुट्टीचं वाचन. शेजारच्या जिल्ह्यात बत्तीस शिराळ्याला आजचा मोठा दिवस, आणि माझ्या वाचनातही साप आले.

झेडआरएस नावाचा एन्हान्सर आहे, साधारण ८०० अक्षरांचा. तो एसएचएच या जनुकाला हात-पाय घडताना योग्य जागी चालू करतो. दोघांमधलं अंतर सुमारे दहा लाख अक्षरं! हा एन्हान्सरही दुसऱ्याच जनुकाच्या, एलएमबीआर१च्या, इंट्रॉनमध्ये आहे. म्हणजे परक्या जनुकाच्या पोटात राहणं ही लॅक्टेजच्या एन्हान्सरचीच खासियत नव्हे. माणसात झेडआरएसमधलं एखादं अक्षर बदललं की अंगठ्याच्या बाजूला जादा बोट येऊ शकतं. एसएचएचचं प्रथिन मात्र पूर्ण निरोगी असतं.

आता सापांचं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदराचा झेडआरएस काढून तिथे सापाचा बसवला. पिल्लांचे पाय खुंटले. माणसाचा बसवला, तर पाय नीट आले. सीलाकँथ या प्राचीन वंशाच्या माशाचा बसवला, तरीही नीट आले. सापांच्या तुकड्यातली १७ अक्षरं गळाली होती. ती परत घातल्यावर उंदराला पुन्हा पाय आले. कार्य सिद्ध करणं म्हणजे काय, याचा इतका स्वच्छ नमुना मी आजवर वाचला नव्हता. तुकडा काढला, परिणाम दिसला. परत घातला, परिणाम गेला. आपल्या लॅक्टेजच्या अक्षराला हीच कसोटी लावायची.

सापांवरून लालजी सिंह यांचीही नोंद करायला हवी. पट्टेरी मण्यारीच्या डीएनएमधल्या गाटा-गाटा अशा पुनरावृत्तींवरून त्यांनी बीकेएम हा शोधक तुकडा विकसित केला, आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत भारतातलं डीएनए फिंगरप्रिंटिंग त्यावर उभं राहिलं. ज्या पुनरावृत्तींतून एकही प्रथिन निघत नाही, त्याच कोर्टात माणसाची ओळख पटवतात. तरीही माणसाला उपयोग झाला म्हणून पेशीलाही त्यांचा उपयोग आहे, असं म्हणता येणार नाही. हा भेद प्रकल्पात ठसठशीत मांडायचा आहे.

६ ऑगस्ट

आज मॅडमबरोबर दीड तास फक्त एका आकड्यावर बोलणं झालं: ८० टक्के.

२०१२ च्या सप्टेंबरमध्ये एन्कोड या, जीनोमच्या कामाच्या भागांचा नकाशा काढणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने जाहीर केलं की मानवी जीनोमच्या ८० टक्के भागाला कुठलं ना कुठलं जैवरासायनिक कार्य आहे. वर्तमानपत्रांनी त्याचा अर्थ घेतला की फालतू डीएनए ही कल्पना संपली. आमच्या वर्गातही बरेच जण हेच धरून चालतात. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट लिहिते.

एन्कोडने मोजलं ते असं: या ठिकाणी आरएनएची प्रत निघते का, एखादं प्रथिन चिकटतं का, डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर रासायनिक खूण आहे का. यातलं काहीही कुठल्याही एका पेशीप्रकारात दिसलं की तो भाग मोजणीत धरला. पण पेशीच्या केंद्रकात गर्दी असते. डीएनएला चिकटणाऱ्या प्रथिनांना सहा-आठ अक्षरांचा ओळखीचा तुकडा पुरतो, आणि तीनशे कोटी अक्षरांत असे तुकडे योगायोगाने हजारो ठिकाणी बसतात. चिकटलं म्हणजे काम केलं, असं होत नाही.

सुसुमु ओह्नो यांनी १९७२ सालीच एक वेगळा हिशेब मांडला होता, तो मला जास्त भक्कम वाटतो. प्रत्येक बाळात आईवडिलांत नसलेले काही डझन नवे बदल असतात. आजच्या मोजणीनुसार साठ-सत्तरच्या आसपास. जीनोमचं जवळजवळ प्रत्येक अक्षर महत्त्वाचं असतं तर त्यातले बहुतेक बदल घातक ठरले असते आणि पिढ्यान्‌पिढ्या हा भार माणसाला पेलला नसता. आपण टिकून आहोत, कारण बहुतेक बदल जिथे काही बिघडत नाही अशा जागी पडतात.

तिसरा मुद्दा कांद्याचा. टी. रायन ग्रेगरी या कॅनडातल्या जीवशास्त्रज्ञाने तो मांडला. कांद्याचा जीनोम सुमारे १,६०० कोटी अक्षरांचा, माणसाच्या पाचपट. सगळं नॉन-कोडिंग डीएनए जर गुंतागुंतीच्या शरीराच्या नियंत्रणासाठी असेल, तर कांद्याला ते आपल्यापेक्षा पाचपट कशाला लागतं? आणि फुगू मासा सुमारे ४० कोटींत कसा भागवतो? त्यालाही पाठीचा कणा, मेंदू, डोळे आहेतच.

मॅडमचं मत माझ्यापेक्षा सौम्य. त्या म्हणाल्या, एन्कोडने दिलेला नकाशा बाजूला टाकू नकोस, फक्त त्याच्या शीर्षकावर विसंबू नकोस. संशयित ठिकाणं कोणती ते नकाशा सांगतो, दोष सिद्ध करत नाही. हे मला मान्य आहे.

१७ ऑगस्ट

रविवार, गावी काकांकडे. गोठ्यात चार म्हशी, पावसाची रिपरिप, संकलन केंद्राच्या वेळेआधी कॅन भरायची घाई. कॅन बाहेर गेल्यावर काकांना प्रकल्प सांगितला. ते म्हणाले, "आमच्यात दूध पचत न्हाई असं कोण हाय का सांग बघू. पैलवानकीचं रगत हाय पोरी."

मी म्हणाले, "काका, पचतंय हे खरं. पण ते रक्तामुळेच, असं तुम्ही कशावरून म्हणता?"

त्यांना प्रश्न आवडला नाही, पण काकूंनी उत्तर दिलं. घरात चहात दूध, जेवणात ताक, रात्री दही-भात. निखळ दूध पेलाभर पिणारे फक्त काका आणि धाकटा चुलतभाऊ. आत्याला तर नुसतं दूध घेतलं की पोट फुगतं, म्हणून ती कधी घेतच नाही, आणि हे घरात कुणी आजार म्हणून मोजतही नाही.

काकूंच्या या एका वाक्यात बरंच आलं. विरजण लागलं की जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच फोडतात आणि दही-ताकातले जिवाणू आतड्यातही मदत करतात. शिवाय लॅक्टेज उतरलेल्या बऱ्याच माणसांना एका वेळी बारा ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण एक पेला दूध, विशेष त्रास न होता चालतं. तेव्हा दुधाच्या गावात दूध पितात म्हणून तिथे टी जास्त असणार, हा निष्कर्ष काढायचा नाही. संस्कृतीने दुधावर केलेला उपाय जनुकांपेक्षा जुना असू शकतो. ही शक्यता प्रकल्पाच्या आराखड्यात पहिल्या दिवसापासून असायला हवी होती असं मॅडमचं म्हणणं; ती आता लिहिली आहे.

३० ऑगस्ट

थाउजंड जीनोम्स या जगभरच्या माणसांच्या डीएनएच्या खुल्या संग्रहाच्या डेटावर काम सुरू. २,५०४ माणसं, २६ लोकसमूह. दक्षिण आशियाचे पाच: लाहोरचे पंजाबी, ह्यूस्टनमधले गुजराती, बांगलादेशातले बंगाली, ब्रिटनमधले तेलुगू आणि ब्रिटनमधलेच श्रीलंकन तमिळ. मराठी समूह नाही. आमच्या निष्कर्षांत "महाराष्ट्रात" हा शब्द येणार नाही, हे आजच ठरवलं.

पूर्व आशियाई समूहांत हा टी जवळजवळ शून्य. उत्तर-पश्चिम युरोपीय वंशाच्या समूहात तीन-चतुर्थांशाच्या आसपास. दक्षिण आशियात एकूण साधारण बारा टक्के, पण तो सरळ पसरलेला नाही: उपखंडाच्या वायव्येकडून आग्नेयेकडे उतरत जातो, आणि गुरं पाळणाऱ्या समाजांत जास्त दिसतो. भारतातला टी आणि युरोपातला टी एकाच मूळ बदलातून आलेले आहेत. आजूबाजूची अक्षरंही जुळतात.

९ सप्टेंबर

या प्रकल्पातला मला सर्वात भावलेला भाग. २००७ साली सारा टिश्कॉफ यांच्या गटाने पूर्व आफ्रिकेतल्या पशुपालकांचा डेटा मांडला. टांझानिया-केनियातल्या बऱ्याच जणांना मोठेपणी दूध पचतं, पण त्यांच्याकडे युरोपातला टी नाही. त्यांच्यात बदल आहे −१४०१० ला, म्हणजे एलसीटीच्या सुरुवातीच्या १४,०१० अक्षरं आधी. अरबस्तानात, जिथे उंटिणीचं दूध पितात, तिथे −१३९१५ ला. इथिओपिया-सुदानच्या बाजूला −१३९०७ ला.

हे आकडे एका ओळीत लिहिले: १३९०७, १३९१०, १३९१५, १४०१०. चारही ठिकाणं जेमतेम शंभर अक्षरांच्या पट्ट्यात. वेगवेगळ्या खंडांत, वेगवेगळ्या जनावरांच्या दुधावर वाढलेल्या माणसांत नैसर्गिक निवडीने त्याच एन्हान्सरवर बोट ठेवलं. हा योगायोग मानायला मी तयार नाही. हा तुकडा कामाचा आहे याचा, प्रयोगशाळेत न जाता मिळालेला हा सर्वात जोरकस पुरावा. लॅक्टेजचं प्रथिन बदलून काही साधलं नसतं, ते आधीच उत्तम चालत होतं. बदलायचं होतं फक्त ते बंद होण्याचं वेळापत्रक, आणि वेळापत्रक प्रथिनाच्या संकेतात लिहिलेलं नसतं.

प्रयोगशाळेचा पुरावाही आहे. कॅको-२ या आतड्याच्या पेशींत टी असलेला तुकडा लॅक्टेजच्या प्रोमोटरला, म्हणजे जनुकाचं वाचन सुरू करणाऱ्या भागाला, सीपेक्षा जास्त चालना देतो, आणि ऑक्ट-१ हे प्रथिन टी असताना अधिक घट्ट बसतं. उंदरांतही टी असलेला डीएनएचा तुकडा घातला तेव्हा त्याचं काम मोठेपणी चालू राहिलं, सी असलेला घातला तेव्हा ते उतरलं. नागपंचमीची कसोटी पार.

१८ सप्टेंबर

टीच्या दोन्ही बाजूंना सुमारे दहा लाख अक्षरांचा पट्टा अनेक लोकांत अजून अखंड आहे. दर पिढीत आईवडिलांच्या गुणसूत्रांची देवाणघेवाण होते आणि असे पट्टे तुटत जातात. इतका लांब पट्टा इतक्या लोकांत उरला, म्हणजे टी फार झपाट्याने आणि फार अलीकडे पसरला.

पण कशामुळे? दूध पिणाऱ्यांत तो पसरला, हे उत्तर २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासाने अपुरं ठरवलं. युरोपातल्या जुन्या मडक्यांत मुरलेल्या दुधाच्या स्निग्धांशावरून दिसतं की टी प्रचलित होण्याआधी हजारो वर्षं तिथे दूध वापरात होतं. कांस्ययुगापर्यंत टी विरळाच. त्या अभ्यासकांचा अंदाज असा की दुष्काळात आणि साथीत, जेव्हा आधीच खंगलेल्या माणसाला जुलाब जिवावर बेततात, तेव्हा निवड कडक झाली. काकूंचं ताक इथे पुन्हा आठवलं.

६ ऑक्टोबर

दसऱ्याची सुट्टी संपली. मॅडमनी नवं टोक हातात दिलं: लहानपणी चालू आणि नंतर बंद होणारं लॅक्टेजसारखं दुसरं उदाहरण शोध. मिळालं, आणि ते महाराष्ट्राच्या जवळचं आहे.

गर्भातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात ते बाजूला पडून प्रौढ हिमोग्लोबिन येतं. बीसीएल११ए हे प्रथिन जुन्याला दाबतं. सिकलसेल आजार, जो आपल्याकडे विदर्भात आणि सातपुड्याच्या आदिवासी भागांत मोठा प्रश्न आहे, तो प्रौढ हिमोग्लोबिनच्या संकेतातल्या एका अक्षराने होतो. हा बदल कोडिंग. पण आजार किती तीव्र होणार, हे पुष्कळदा नॉन-कोडिंग अक्षरं ठरवतात. भारतात आणि अरबस्तानात सिकलसेलचा जो प्रकार आढळतो, त्याच्यासोबत गर्भीय हिमोग्लोबिनच्या एचबीजी२ जनुकाच्या −१५८ या ठिकाणी एक बदल येतो आणि त्या रुग्णांत गर्भीय हिमोग्लोबिन जास्त राहतं.

आणि उपचार. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेल्या कॅसजेव्ही या क्रिस्पर (डीएनए हव्या त्या ठिकाणी कापण्याचं तंत्र) उपचारात सिकलसेलचं अक्षर दुरुस्त करतच नाहीत. रुग्णाच्या रक्तमूळपेशी बाहेर काढून बीसीएल११एच्या दुसऱ्या इंट्रॉनमधल्या एन्हान्सरमध्ये छेद देतात. जनुकच का तोडत नाहीत? कारण बीसीएल११ए इतर पेशींनाही लागतं. हा एन्हान्सर ते फक्त लाल पेशींच्या वंशात चालवतो, म्हणून तेवढ्याच ठिकाणी ते कमी होतं आणि बाळपणीचं हिमोग्लोबिन परत येतं. इंट्रॉनमधली काही अक्षरं आज माणसाच्या वेदना थांबवतायत. उपचाराची किंमत आपल्या रुग्णांच्या आवाक्यात येईपर्यंत मला याचा पूर्ण आनंद मानता येत नाही, पण दिशा हीच आहे असं मला मनापासून वाटतं.

२८ ऑक्टोबर

मेथिलेशनचं, म्हणजे डीएनएला मिथाइल गट चिकटून जनुक शांत होण्याचं, वाचन. सी असलेल्या गुणसूत्रावर वयाबरोबर एन्हान्सरभोवती मिथाइल गट साचतात, टी असलेल्यावर तितके साचत नाहीत. वेळापत्रक कसं चालतं याचं हे उत्तर. पोस्टरवर एक आकृती यासाठी राखली.

१४ नोव्हेंबर

सादरीकरण झालं. पहिला प्रश्न अपेक्षितच होता: "मग ९८ टक्क्यांपैकी कामाचं किती?"

मी २०१४ चा ऑक्सफर्डमधला अंदाज सांगितला. सस्तन प्राण्यांच्या जीनोमांची तुलना करून निवडीने जपलेला भाग सुमारे ८.२ टक्के येतो, कोडिंग धरून. म्हणजे कामाचं नॉन-कोडिंग डीएनए कोडिंगच्या कित्येक पट, तरीही एकूण जीनोममध्ये अल्पमतात. पण लगेच हेही सांगितलं की आमचं अक्षर या मोजणीत दिसणार नाही. काही हजार वर्षांपूर्वी निवडला गेलेला टी, माणूस आणि उंदीर यांच्या तुलनेत कुठून सापडणार? त्याला लोकसमूहांतला लांब पट्टा शोधावा लागतो. झेडआरएससाठी मासा आणि साप, लॅक्टेजसाठी पशुपालक. प्रत्येक ठिकाणाचा पुरावा त्याच्या वयाप्रमाणे वेगळ्या जागी मिळतो.

दुसरा प्रश्न एका ज्युनिअर मुलाचा: दूध न पचणं हा दोष आहे का? मी नाही म्हणाले. सी हे मूळ अक्षर आहे, जगातल्या बहुसंख्य माणसांचं आहे. टी हा नवा बदल.

पुढच्या सत्राला −१५८ घ्यायला मॅडमनी होकार दिला. एचबीजी१ आणि एचबीजी२ ही जुळी जनुकं इतकी सारखी आहेत की यंत्राने वाचलेले डीएनएचे छोटे तुकडे नेमके कुठल्या जनुकाचे हे कळणं अवघड जातं, त्यामुळे आधी डेटाची गुणवत्ता तपासायची. सोमवारी अकराव्या गुणसूत्राच्या फाइली उतरवून घ्यायच्या आहेत.